बंदरे पाहिली, माणसे राहिली : मार्क ट्वेनच्या एका प्रवासग्रंथाविषयी

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका गेल्या वर्षी आपल्या यजमानांसह भूमध्य समुद्राच्या सफरीवर गेल्या होत्या. त्यांचा मुलगा अशाच एका प्रवासी जहाजावर नोकरीला आहे. आईवडिलांनी एकदा तरी आपले ते जग डोळ्यांनी पाहावे, ही त्याची इच्छा. निघण्यापूर्वी बाई भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "फादर, आठ दिवस पाण्यावर काढायचे आहेत. काहीतरी वाचायला द्या." मी कपाटातून मार्क ट्वेनचे 'द इनोसन्ट्स अब्रॉड' काढून त्यांच्या हाती ठेवले. बाईंची सारी हयात इंग्रजी शिकवण्यात गेलेली. भाषेची अडचण नव्हती. परत आल्यावर त्यांनी पुस्तक कागदात नीट गुंडाळून आणले, टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "फादर, रागावू नका, पण हे पुस्तक तुम्ही मला कसे दिलेत? हा गृहस्थ आपल्या देवळांची, संतांच्या अवशेषांची, धर्मगुरूंची टिंगल करतो. अर्धे वाचले आणि मिटून ठेवले."

त्या दिवशी मी चहा मागवून विषय बदलला. परंतु बाईंचा आक्षेप मनातून गेला नाही, कारण तो खोटा नव्हता. अशा सफरींना आता आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे जाऊ लागली आहेत आणि त्यांच्याही हाती हे पुस्तक केव्हातरी पडेल. म्हणून बाईंना जे तोंडी सांगता आले नाही, ते येथे लिहून पाहतो.

प्रथम ग्रंथाची ओळख करून घेऊ. ८ जून १८६७ रोजी 'क्वेकर सिटी' नावाची आगबोट न्यूयॉर्कहून भूमध्य समुद्राकडे आणि पवित्र भूमीकडे जाण्यासाठी निघाली. हेन्री वॉर्ड बीचर या नामांकित प्रॉटेस्टंट उपदेशकाच्या ब्रुकलिन येथील प्लिमथ चर्चच्या मंडळींतून या यात्रेची कल्पना पुढे आली होती. माणशी भाडे १२५० डॉलर, म्हणजे त्या काळी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची रक्कम. स्वतः बीचर येणार, सेनापती शर्मन येणार, असा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात दोघेही आले नाहीत. आला तो एकतीस वर्षांचा एक वार्ताहर. त्याचे भाडे सॅन फ्रान्सिस्कोच्या 'आल्टा कॅलिफोर्निया' या वृत्तपत्राने भरले होते आणि मोबदल्यात त्याने वाटेतून पत्रे लिहून पाठवायची होती. केवळ बंदरे व प्राचीन स्थळे पाहण्यासाठी एवढी मंडळी एका जहाजातून एकत्र निघावी, ही गोष्ट त्या काळी नवी होती. आजच्या सफरींची ती आजी म्हणावी लागेल.

जिब्राल्टर, टँजिअर, मार्सेय, जेनोआ, लिव्हॉर्नो, नेपल्स, पिरीअस, कॉन्स्टँटिनोपल, ओडेसा, स्मर्ना, बैरूत, याफो, अलेक्झांड्रिया अशी बंदरे घेत आणि मध्ये खुष्कीच्या वाटेने दमास्कस व जेरुसलेम पाहून ही मंडळी १९ नोव्हेंबर १८६७ रोजी घरी परतली. पत्रांवरून ट्वेनने ग्रंथ सिद्ध केला. तो १८६९ साली प्रसिद्ध झाला आणि पहिल्या वर्षातच त्याच्या सत्तर हजारांच्या आसपास प्रती खपल्या. 'भाबड्यांचे देशाटन' असे त्याच्या नावाचे मराठी करता येईल. बन्यनचा जो ग्रंथ आपल्याकडे 'यात्रिकक्रमण' म्हणून परिचित झाला, त्याचेच नाव ट्वेनने आपल्या ग्रंथाला उपशीर्षक म्हणून जोडले. फक्त मागे 'नवे' हे विशेषण लावले. हे नवे यात्रेकरू कसे आहेत, हेच त्याला सांगायचे आहे.

ग्रंथाचे पहिले बलस्थान येथेच सापडते. उसन्या डोळ्यांनी पाहण्याचा जो रोग प्रवाशाला जडतो, त्याचे निदान ट्वेनइतके अचूक फार थोड्यांनी केले असेल. त्याचे सहप्रवासी बंदरावर उतरण्यापूर्वीच मार्गदर्शिकेत वाचून ठेवतात की अमुक ठिकाणी गहिवरून यायचे आहे, आणि तेथे पोहोचताच ते गहिवरतात. चित्र पुसट होऊन दिसेनासे झाले असले, तरी त्यातील रंगांचे कौतुक करतात. वाटाड्यांची नावे उच्चारता येत नाहीत म्हणून ट्वेन आणि त्याचे मित्र प्रत्येक शहरातील वाटाड्याला 'फर्ग्युसन' म्हणू लागतात. जेनोआतील वाटाड्या कोलंबसचे हस्ताक्षर मोठ्या अभिमानाने दाखवतो, त्याच्या पुतळ्यापुढे नेऊन उभे करतो. तेव्हा त्यांच्यातील डॉक्टर कोलंबसचे नावच कधी ऐकले नसल्यासारखा चेहरा करून, हे गृहस्थ हयात आहेत की वारले, अशी चौकशी करतो. वाटाड्याची त्रेधा उडते. आपण हसतो, आणि हसता हसता ध्यानात येते की पाठ केलेले कौतुक विकणारा आणि ते विकत घेणारा, अशा दोघांचीही येथे फजिती झाली आहे.

दुसरा रोग म्हणजे हावरेपणा. ही मंडळी जेथे जातील तेथे दगडाचे टवके उडवून खिशात घालतात. इफिस येथे त्यांनी कोरीव संगमरवराचे तुकडे गोळा केले आणि खेचरांवर लादून मोठ्या कष्टाने रेल्वे स्थानकापर्यंत आणले. तेथे तुर्की अधिकारी उभाच होता. या टोळीवर लक्ष ठेवा, काहीही नेऊ देऊ नका, असा हुकूम त्याला कॉन्स्टँटिनोपलहून आला होता. सगळ्यांना पिशव्या रिकाम्या कराव्या लागल्या. ट्वेन हे लपवीत नाही, स्वतःला टोळीबाहेरही ठेवत नाही. आपल्या पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ची येथे आठवण होते. प्रवासाला निघालेल्या माणसाने आधी स्वतःवर हसून घ्यावे, हा गुण दोघांत समान आहे. मात्र पुलंच्या हसण्यात जो ओलावा आहे तो ट्वेनपाशी नेहमीच असतो असे नाही.

आता ग्रंथातील माझी सर्वांत आवडती पाने. पिरीअस बंदरात जहाज अडकते. साथीच्या भीतीने अधिकारी कोणालाही किनाऱ्यावर उतरू देत नाहीत. अकरा दिवस विलगवासात राहा, नाहीतर चालते व्हा, असे सांगतात. समोर अथेन्स, आणि जायला बंदी! तेव्हा रात्री ट्वेन आणि आणखी तिघे चोरून किनारा गाठतात, कुत्र्यांचे भुंकणे चुकवीत, वाटेतील मळ्यांतली द्राक्षे तोडून खात डोंगरावर पोहोचतात आणि चांदण्यात पार्थेनॉन पाहतात. येथे त्याची भाषाच पालटते. टवाळी गळून पडते, वाक्ये संथ होतात; गवतात विखुरलेले संगमरवरी चेहरे आपल्याकडे पाहू लागतात. असे का व्हावे? तेथे फर्ग्युसन नव्हता, मार्गदर्शिका उघडायला उजेड नव्हता आणि त्या दर्शनासाठी त्याने काहीतरी पणाला लावले होते. एरवीचे प्रत्येक बंदर त्याला भाड्याच्या रकमेत मिळालेले होते. ही रात्र त्याला पायी चालून मिळवावी लागली.

आता बाईंच्या आक्षेपाकडे वळतो. ट्वेन अवशेषांची थट्टा करतो, हे खरे. जेनोआच्या सॅन लोरेन्झो प्रधान मंदिरात त्याला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे भस्म दाखवतात. ते आपण आधीही एकदा पाहिले आहे, अशी नोंद तो करतो. पवित्र क्रुसाचे खिळे आपण पिंपभर तरी पाहिले असतील, असा त्याचा हिशेब आहे. हे वाचून भाविक मन दुखावते. परंतु हा विनोद त्याच्याआधी सव्वातीनशे वर्षे जुना आहे. कॅल्व्हिनने १५४३ साली अवशेषांवर जी पुस्तिका लिहिली, तिच्यात अशीच मोजदाद आहे. आणि ही मोजदाद सर्वस्वी अन्यायाची होती, असे आपणही म्हणू शकत नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली अवशेषांच्या भक्तीला मान्यता देतानाच, बिशपांनी तपासून संमती दिल्याखेरीज नवे अवशेष स्वीकारू नयेत आणि त्यांच्या नावाने पैसा मिळवू नये, असा दंडक घातला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी जी चूक ओळखून बंदोबस्त केला, तीच शेजाऱ्याने बोलून दाखवली तर रागावण्याचे कारण नाही.

शिवाय बाईंनी पुस्तक अर्ध्यावर मिटले, तेथेच घोटाळा झाला. उत्तरार्धात ट्वेनच्या थट्टेचा रोख कॅथलिकांवरून निघून त्याच्या स्वतःच्या धर्मनिष्ठ प्रॉटेस्टंट सोबत्यांवर येतो. दमास्कसला जाताना शब्बाथ मोडू नये म्हणून ही मंडळी तीन दिवसांची मजल दोन दिवसांत मारतात. दमलेल्या घोड्यांचे हाल होतात, त्याची पर्वा कोणी करत नाही. नियमाचे अक्षर पाळले गेले आणि आत्मा वाटेतच मेला, हे ट्वेन तेथे सांगतो. हा प्रसंग मी रविवारच्या प्रवचनात एकापेक्षा अधिक वेळा वापरला आहे. पुढे गालीलच्या समुद्रावर तर त्याने कमालच केली आहे. ज्या पाण्यावर प्रभूची नाव चालली त्या पाण्यावर एकदा तरी जावे, म्हणून ही माणसे अर्धे जग ओलांडून आलेली. एक नाव जवळ येते. नावाडी दोन नेपोलियन मागतो, म्हणजे आठ डॉलर. मंडळी घासाघीस करतात. नावाडी वल्हे मारून निघून जातो. मग किनाऱ्यावरून हाका, विनवण्या, मागेल ते देण्याची तयारी. पण नाव परत येत नाही. आयुष्यभराची तळमळ काही डॉलरांच्या घासाघिशीत बुडाली. ट्वेनने या ठिकाणी कोणावर शेरा मारला नसता, तरी चालले असते. चित्रच पुरेसे बोलके आहे.

स्मर्ना येथे तर तो आपल्या भाविक सोबत्यांपेक्षा बायबल अधिक काळजीपूर्वक वाचतो. प्रकटीकरणातील सात मंडळ्यांपैकी एक या शहरात होती. त्या मंडळीला दिलेले जीवनाच्या मुगुटाचे वचन सहप्रवासी शहराच्या भरभराटीला लावतात. ट्वेन म्हणतो, वचन दिले होते ते विश्वासात टिकणाऱ्या माणसांना; गावाच्या व्यापाराशी त्याचा काय संबंध? पवित्र शास्त्राचा अभ्यास करताना आम्हा सेमिनरीतील मुलांना हाच धडा प्रथम गिरवावा लागला होता.

तर मग ग्रंथात दोष नाहीत काय? आहेत, आणि मोठे आहेत. मला वाटते, खरा दोष बाईंनी दाखवलेल्या जागेपासून थोडा दूर आहे. ट्वेनची थट्टा वस्तूंवर असते तोवर ती निकोप राहते. ती माणसांवर आली की कठोर होते. अझोर्स बेटावरील गरीब पोर्तुगीज, पॅलेस्टाइनमधील अरब, इटलीतील भिकारी हे त्याच्या लेखी घाण, आळस आणि अज्ञान यांचे नमुने. त्यांच्यापैकी एकालाही नाव नाही; फर्ग्युसन हे नावसुद्धा त्यानेच दिलेले. चिवितावेक्किया या बंदराची वासलात तर त्याने मोजक्या शब्दांत लावली आहे. हे रोमचे बंदर. तेव्हा ते पोपमहोदयांच्या राज्यात होते. एवढे घाणेरडे आणि अडाणी गाव आपण अजून पाहिले नव्हते, असा निकाल देऊन तो रोमच्या गाडीत बसतो. काही तासांत गावाचा निकाल लावणे, हाच तर त्याने इतरांत दाखवलेला रोग!

पण प्रामाणिक लेखकाचे एक लक्षण असे, की स्वतःच्या ग्रंथात तो स्वतःविरुद्ध साक्ष ठेवून जातो. दोन ठिकाणी ट्वेन थांबतो. नेपल्समध्ये पटकीच्या साथीत माणसे रोज शेकड्यांनी मरत असताना मठवासी बंधू रोग्यांची शुश्रूषा करीत आणि मृतांना मूठमाती देत फिरले. त्यांतील कित्येकांनी प्राण गमावले. ही हकीकत तो टोपी काढून सांगावी तशी सांगतो. त्यांना तो डॉमिनिकन म्हणतो, पण वर्णन करतो ते तपकिरी जाड्याभरड्या झग्याचे आणि अनवाणी पायांचे. डॉमिनिकनांचा झगा पांढरा असतो. हे वर्णन फ्रान्सिस्कन किंवा कॅपुचिन बंधूंना अधिक शोभते. म्हणजे ज्यांच्यापुढे तो नम्र झाला, त्यांचीही नीट ओळख करून घ्यायला त्याला सवड झाली नाही.

दुसरे ठिकाण पॅलेस्टाइनमधील. वाळवंटातून थकून येणाऱ्या कोणत्याही वाटसरूला, मग तो रेशमात असो वा चिंध्यांत, तेथील मठांची दारे उघडी असतात. प्रॉटेस्टंट की कॅथलिक, हे कोणी विचारत नाही. ट्वेन येथे स्वच्छ कबूल करतो की कॅथलिक म्हणून जे जे असेल त्याचा द्वेष करण्याचे वळण आपल्याला लहानपणापासून लावले गेले आणि त्यामुळे आपल्याला दोष लवकर दिसतात, गुण उशिरा. मठातील फादरांचे ऋण मात्र आपण विसरणार नाही, असे तो लिहितो. अवशेष पाहून त्याचे मन हलले नाही. भाकरी आणि निवारा देणाऱ्या हातांनी ते हलवले. याच लेखकाने पुढे १८९६ साली जोन ऑफ आर्कवर श्रद्धेने ओथंबलेला ग्रंथ लिहिला, आणि आपल्या सर्व पुस्तकांत तो त्याला अधिक प्रिय होता. बाई, टिंगलखोर माणसाचा प्रवास कोठवर जाऊ शकतो, हे पाहायला तरी पुस्तक पुरते वाचायला हवे!

नेपल्सजवळच्या पोझ्झुओली येथे ट्वेन आणखी एक कोटी करतो. बायबलमधले पुत्युल ते हेच. संत पौल जेथे उतरला तेथेच आपणही उतरलो, हा केवढा योगायोग, असे तो म्हणतो. कोटी छान आहे. पण समीक्षकाने ती उलटी धरून पाहावी. 'प्रेषितांच्या कृत्यां'तील अखेरचे दोन अध्याय हेदेखील भूमध्य समुद्रावरील एक प्रवासवर्णन आहे. त्यात सिराक्यूजला तीन दिवस, पुत्युलास सात दिवस, माल्टा बेटावर तीन महिने असा मुक्काम नोंदलेला आहे. बेड्यांतल्या त्या प्रवाशाने बंदरात काय पाहिले, याचा एक शब्दही तेथे नाही. मंदिरे, बाजार, पुतळे काहीच नाही. आहेत ती माणसे : पावसात भिजलेल्यांसाठी शेकोटी पेटवणारे बेटावरचे रहिवासी, तिघा दिवसांचा पाहुणचार करणारा पुब्ल्य, तापाने अंथरुणाला खिळलेला त्याचा वडील, पुत्युलात राहून घ्या म्हणणारे बंधू. एक प्रवासी जागा पाहतो आणि माणसे वगळतो. दुसऱ्याच्या नोंदीत फक्त माणसेच उरतात. प्रवासवर्णनाचा कस लावायला याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

ही कसोटी दुसऱ्याला लावताना मलाही ती लागू करणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी यात्रेकरूंच्या एका गटाबरोबर मी चिवितावेक्कियाला होतो. बसला उशीर होता. बंदराजवळ आम्ही कॉफी प्यायलो, ऊन फार आहे म्हणून कुरकुरलो आणि रोमला निघून गेलो. या गावात पाहण्यासारखे काही नाही, असे मीच गटाला सांगितले होते. पुढे कळले की चालत जाण्याच्या अंतरावर जपानच्या हुतात्म्यांचे देऊळ आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर प्राण दिलेल्या सव्वीस जणांना ८ जून १८६२ रोजी संतपद मिळाले. त्यांच्या नावाने हे देऊळ उभारले गेले. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात ते उद्ध्वस्त झाले, पुन्हा बांधले गेले, आणि १९५० नंतरच्या दशकात लुका हासेगावा या जपानी चित्रकाराने त्याच्या भिंतींवर हुतात्म्यांची चित्रे काढली. तेथील पवित्र मरिया जपानी वेषात आहे. त्या सव्विसांतील एक आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया! कोकणी आईचा मुलगा, व्यापारासाठी समुद्र ओलांडलेला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झालेला. त्याच्या सणाला मी वर्षानुवर्षे मिस्सा अर्पण केली आहे. आणि त्याच्या नावाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर बसून मी म्हणालो, येथे काही नाही. ट्वेनने त्या गावाला नावे ठेवली, तेव्हा निदान ते त्याच्या संताचे गाव नव्हते.

परवा बाई पुन्हा आल्या, तेव्हा मी त्यांना विचारले, "चिवितावेक्कियात काय पाहिलेत?" त्या म्हणाल्या, "काही नाही, फादर. सकाळी सातला बसमध्ये बसलो, रात्री परत." मग मी त्यांना माझी हकीकत सांगितली. त्यांनी घरी जाऊन मुलाला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर मला येऊन सांगितले. तो म्हणाला होता, "आई, ते देऊळ मला माहीत आहे. जहाज लागले आणि दोन तास सुट्टी मिळाली, तर आम्ही गोव्याचे-वसईचे पोरगे तिथे जाऊन बसतो. रोम अजून मी पाहिलेले नाही. तुम्हाला रोम बघायचे होते, म्हणून काही बोललो नाही."

ट्वेनच्या सहाशेहून अधिक पानांत 'क्वेकर सिटी'च्या कप्तानाची आणि प्रवाशांची आपल्याला पुरेपूर ओळख होते. कोळसा ओढणारे, दोर खेचणारे, ताटे मांडणारे हात मात्र क्वचितच दिसतात. आज त्या जागी आपली मुले आहेत. त्यांनी कोणती बंदरे पाहिली आणि कशी, हे कोणीतरी लिहायला हवे. ते मराठीत लिहिले गेले तर आमच्या या अंकात त्याला जागा निश्चित मिळेल.

पुस्तक पुन्हा बाईंकडे गेले आहे. या खेपेला त्यांनी ते आपण होऊन मागून नेले, आणि खूण घातलेल्या पानापासून पुढे वाचायला घेतले आहे.